दीड किलो तांब्याची कॉइल

घरी थ्री-वे स्पीकर बनवतोय, म्हणजे खालचा, मधला आणि वरचा आवाज वूफर, मिडरेंज आणि ट्वीटर अशा तिघांत वाटलेला. त्याचं काम कॉइलपाशी अडलं होतं, ते या महिन्यात सुटलं. मध्ये एक पूर्ण कॉइल भंगारात गेली, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझा वूफर १२ इंची, ८ ओहमचा. तो ३०० हर्ट्झला तोडायचाय, म्हणजे त्याच्या वरचा आवाज वूफरला जाऊ द्यायचा नाही, सेकंड ऑर्डर बटरवर्थ फिल्टरने. हिशेब केला की वूफरच्या वाटेत ६ मिलिहेन्रीची कॉइल येते आणि तिच्यानंतर वूफरला समांतर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ट्वीटरच्या बारक्या कॉइल मी घरीच पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळल्या होत्या. सहाची तशी होत नाही. बाजारात तयार क्रॉसओव्हर (आवाजाची ही वाटणी करणारं सर्किट) मिळतात, पण त्यांच्यावरची कॉइल अंगठ्याएवढी, आणि किती मिलिहेन्री विचारलं तर दुकानदार वॉट सांगतो.

गाभ्यात लोखंड नको हे आधीच ठरवलं होतं. कारण खाली येईल. एअर कोअर, म्हणजे गाभा पोकळ, म्हटलं की आकार महत्त्वाचा. कमीत कमी तारेत जास्तीत जास्त इंडक्टन्स (कॉइलचा तो मिलिहेन्रीतला आकडा) हवा असेल तर ब्रूक्सचा आकार धरायचा: गुंडाळीचा छेद चौरस, आतला व्यास चौरसाच्या बाजूच्या दुप्पट, बाहेरचा चौपट. मग सूत्र सोपं होतं. ०.०२५५ गुणिले बाजू सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, उत्तर मायक्रोहेन्रीत. बाजू ३ सेंटिमीटर धरली तर ६ मिलिहेन्रीला २८० फेरे लागतात. १६ नंबरची (एसडब्ल्यूजी गेज) तार इनॅमल धरून पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे एका थरात १७ फेरे आणि साडेसोळा थर. बरोबर चौरसात बसतं. तार ७९ मीटर, वजन दीड किलोच्या जरा आत, रेझिस्टन्स ०.६६ ओहम.

१८ नंबरमध्ये तांबं निम्म्यावर येतं, पण रेझिस्टन्स १ ओहमच्या वर जातो. माझ्या वूफरचा स्वतःचा डीसी रेझिस्टन्स ५.८. त्याच्यापुढं एक ओहम बसवला की क्यूटीएस (वूफरचा शंकू किती आवरलेला राहतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे सैल) सोळा-सतरा टक्क्यांनी वाढतो, बेस सैल पडतो, वर एक डेसिबल आवाज जातो तो वेगळाच. तांब्यात काटकसर करून मग महाग अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा, हे मला पटत नाही.

तार घ्यायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तिथं मोटार रिवाइंडिंग करणारे एक मामा आहेत. दुकानाबाहेर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची रांग लागलेली.

"कितीची मोटार?" मामांनी मान वर न करताच विचारलं.

"मोटार नाही मामा, स्पीकरला लागतंय."

"स्पीकरला दीड किलो तांबं? मिरवणुकीचा हाय काय?"

"घरातलाच आहे."

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "तुमची मर्जी. फर्मा आणा, गुंडाळून देतो."

फर्मा, म्हणजे तार ज्यावर गुंडाळतात तो साचा. इथं मी माती खाल्ली. लेथवाल्या मित्रानं हौसेनं अ‍ॅल्युमिनियमचा फर्मा करून दिला: ६० मिलिमीटरची नळी, दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाड तबकड्या स्क्रूनं बसवलेल्या. दिसायला असा देखणा की तो कॉइलमध्येच ठेवायचा, असं मी ठरवून टाकलं. मामांनी हँडल मारून, काउंटर लावून २८० फेरे घातले. थरावर थर, कुठं तार चढलेली नाही. गुजरीत, सराफांच्या गल्लीत, सोनं तोलतात तशी उरलेली तार तोलून परत घेतली.

घरी येऊन इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लावला. १०० हर्ट्झला ५.३ मिलिहेन्री. १ किलोहर्ट्झला ३.४! आणि त्याच १ किलोहर्ट्झला रेझिस्टन्स चार ओहमच्या वर.

पहिला संशय मामांवर घेतला, हे कबूल करतो. फेरे चुकले असणार. मग कॉइलमधून एक अँपिअर डीसी सोडून तिच्या टोकांवरचे व्होल्ट मोजले. (एवढा कमी रेझिस्टन्स मल्टिमीटरवर थेट मोजू नका, पिनांचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो.) आले ०.६६ व्होल्ट. म्हणजे तार पूर्ण, फेरे पूर्ण. मामा निर्दोष. इंडक्टन्स खाणारं दुसरंच कुणीतरी होतं, आणि ते माझ्या मांडीवर चकाकत बसलं होतं.

अ‍ॅल्युमिनियमची नळी म्हणजे ट्रान्सफॉर्मरची एका फेऱ्याची, टोकं जोडून शॉर्ट केलेली सेकंडरी (दुसरी गुंडाळी). तबकड्या म्हणजे तशाच आणखी दोन. फ्रीक्वेन्सी जेवढी वाढेल तेवढा त्यांच्यातला करंट कॉइलच्या फ्लक्सला, म्हणजे चुंबकीय प्रवाहाला, विरोध करतो. इंडक्टन्स पडतो आणि फर्म्यात होणारा तोटा कॉइलचा रेझिस्टन्स म्हणून मीटरवर दिसतो. तबकड्या काढल्यावर १ किलोहर्ट्झचं रीडिंग ४.४ झालं. नळी हातोडीनं ठोकून बाहेर काढली तेव्हा ५.९. पण गुंडाळी कुठं बांधलेलीच नव्हती. आतले थर नळीबरोबर ओढले गेले, इनॅमल खरवडलं, सगळा चिवडा झाला.

दुसऱ्या दिवशी तो चिवडा घेऊन मामांकडं. मी सेकंडरी, फ्लक्स असलं काहीबाही सांगत होतो. त्यांनी मध्येच तोडलं.

"म्हंजे एक टर्न शॉर्ट, म्हणा की."

रोज ज्या दोषानं मोटारी जळतात तोच मी पैसे देऊन करून घेतला होता. जुनी तार भंगाराच्या भावानं गेली.

दुसरा फर्मा नायलॉनच्या दांड्याचा. ६० मिलिमीटर, पण एका टोकाला अर्धा मिलिमीटर उतार दिलेला, म्हणजे कॉइल सरकून निघते. तबकड्या हायलम शीटच्या (वीज न वाहणारा कडक पत्रा), प्रत्येकीला चार खाचा, त्यांतून गुंडाळायच्या आधीच कॉटन टेप ओवून ठेवलेली. या वेळी मुद्दाम २८६ फेरे घालायला सांगितले. इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गात वाढतो, त्यामुळं दोन टक्के फेरे जास्त म्हणजे चार टक्के इंडक्टन्स जास्त, आणि काढणं घालण्यापेक्षा सोपं. फर्म्यावरच टेप आवळली, कॉइल बाहेर काढली, मोजली: ६.२५. एकेक फेरा सोडवत ६.०२ वर थांबलो. १०० हर्ट्झला आणि १ किलोहर्ट्झला फरक फक्त शेवटच्या आकड्यात. मग मामांनी मोटारींच्या स्टेटरबरोबर (मोटारीचा न फिरणारा, गुंडाळीचा भाग) ती वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजून दिली. आता दगडासारखी घट्ट आहे, ठोकली तरी वाजत नाही.

एलसीआर मीटर नसेल तरी अडत नाही. कॉइलला १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, मोबाइलवरून टोन काढून छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून द्या आणि दोघांवरचे व्होल्ट सारखे होतील ती फ्रीक्वेन्सी शोधा. ६ मिलिहेन्रीला ती २६५ हर्ट्झच्या आसपास येते.

लोखंडाबद्दल. जुन्या इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरच्या स्टॅम्पिंगवर (ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्यांवर) एक कॉइल आधी करून बघितली होती. ई आणि आय पट्ट्या ट्रान्सफॉर्मरसारख्या एकाआड एक बसवल्या, तर इंडक्टन्स व्हॉल्यूमप्रमाणं बदलत होता. मग सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये लेदरॉइड पेपरचा (मोटारीत वापरतात तो जाड इन्सुलेशनचा कागद) एक मिलिमीटरचा गॅप घातला. तेव्हा नव्वदेक फेऱ्यांत काम झालं आणि रेझिस्टन्स जेमतेम ०.१५ ओहम. त्यामुळं लोखंडाला सरसकट नावं ठेवू नयेत. सबवूफर ८० हर्ट्झला तोडायचा असता तर मी तेच घेतलं असतं. पण माझ्या वूफरमधून माणसाच्या आवाजाचा खालचा भाग येणार, तिथं हिस्टेरिसिसचं (लोखंडात चुंबकत्व मागं रेंगाळल्यानं येणारं) डिस्टॉर्शन नको वाटलं.

बसवताना: ही कॉइल आडवी, तिच्याजवळची मिडरेंजची उभी, म्हणजे त्यांचे अक्ष काटकोनात. वूफरच्या मॅग्नेटपासून वीतभर लांब. आरपार लोखंडी बोल्ट नाही, केबल टायनं फळीला बांधली.

दुसऱ्या चॅनलची कॉइल गुंडाळून झाली, शनिवारी भट्टीतून निघेल. ४७ मायक्रोफॅरडसाठी मामांच्याच कपाटातले मोटारीचे रन कपॅसिटर घेतले, ३६ आणि १० समांतर. ते पॉलिप्रॉपिलिनचेच असतात. एक मायक्रोफॅरड कमी पडतो, त्यासाठी नवीन काही आणणार नाही.