बेळगावचा मासळी बाजार आणि अरबी समुद्र एकाच मॉडेलमध्ये जोडताना

बेळगावला समुद्र नसला तरी बाजारात बांगडा, तारली, सुंगटं, इसवण सकाळी सकाळी येऊन पडलेली असतात. माल येतो तो आंबोली, चोर्ला, अनमोड अशा मोजक्या घाटांतून आणि कारवारकडून. वाटा मोजक्या आहेत म्हणूनच हा भाग अशा कामाला सोयीचा. कुठून किती आलं, हे गाडीनिहाय मांडता येतं. पाण्याखाली कोण कोणाला खातं आणि घाटावर कोण कोणाला पैसे देतं, ही दोन जाळी जोडून आम्ही एक मॉडेल बांधलं. ते कसं बांधलं आणि कुठे अडतं, ते लिहितो.

समुद्राच्या बाजूला इकोपाथ हे अन्नजाळ्याचा हिशोब मांडणारं सॉफ्टवेअर वापरलं. जेफ्री पोलोविना यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईकडच्या प्रवाळ परिसरासाठी ही पद्धत बांधली. प्रत्येक गटासाठी चार आकडे असतात: दर चौरस किलोमीटरला किती टन मासे आहेत, वर्षाला त्या वजनाच्या किती पट नवं उत्पादन होतं, वर्षाला त्या वजनाच्या किती पट खाणं लागतं आणि झालेल्या उत्पादनातला किती वाटा शिकारी नि जाळी मिळून उचलतात. तीन दिले की चौथा सॉफ्टवेअर काढतं. सोबत कोणाच्या आहारात कोणाचा किती वाटा, याचा तक्ता भरावा लागतो. प्रत्येक भक्षकाच्या वाट्यांची बेरीज १ व्हायलाच हवी.

गट १४ ठेवले: इसवण, मोरी-वागळी, बळा, बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, सुंगटं, खेकडे, माकूल, तळातले जीव, प्राणिप्लवक, वनस्पतिप्लवक आणि गाळातले अवशेष. प्रत्येक जातीला वेगळा गट देण्याचा मोह आवरावा, कारण बाजारात मोरीच्या पाटीत अनेक जाती एकत्र येतात. विक्रीचा आकडा जिथवर वेगळा मिळतो, तिथवरच गट वेगळा करावा. उताऱ्याचे (बंदरावर उतरवलेल्या मासळीचे) आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रकाशनांतून घेतले, आहाराचे फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून.

खरी कसोटी तोल बसवताना लागते. हे आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत. तारली २ टन, उत्पादन २.५ पट, म्हणजे वर्षाला ५ टन. इसवण ०.४ टन, खाणं ६ पट, त्यात तारलीचा वाटा ०.४; म्हणजे ०.९६ टन. बळा १ टन, खाणं ५ पट, वाटा ०.३; म्हणजे १.५ टन. जाळ्यात ३ टन. एकूण ५.४६. पिकलं ५ आणि गेलं ५.४६, म्हणजे उत्पादनातला उचललेला वाटा १.०९ आला. १ च्या वर गेला की मॉडेल समुद्रात नसलेले मासे खाऊ घालतंय. इथे पकडीचा आकडा कमी करून सुटका करून घेऊ नये. तो मोजणीतून आलेला असतो. सगळ्यांत कच्चा असतो तो आहाराचा वाटा. बळ्याचा ०.३ वरून ०.२ केला की एकूण ४.९६ होतं. काढलेला ०.१ पेडव्यांकडे किंवा सुंगटांकडे वळवायचा, नाहीतर बेरीज बिघडते. तरीही उचललेला वाटा ०.९९ राहतो. आपण न धरलेल्या पक्ष्यांना, डॉल्फिनना त्यात काहीच उरत नाही. म्हणून तारलीचा साठा २.२ टन धरला, तेव्हा ०.९० वर आलं. प्रत्येक बदल तारखेसह आणि कारणासह लिहून ठेवावा. पुढे कोणी विचारलं तर हीच वही दाखवायची असते.

बाजाराच्या बाजूला बंदर, बोलीवाला, ट्रकवाला, बेळगावचा ठोक व्यापारी, खानापूर-निपाणीचे किरकोळ विक्रेते, सुक्या मासळीचे दुकानदार आणि फिशमीलचा (सुकवलेल्या माशांच्या भुकटीचा) कारखाना असे बिंदू घेतले. बिंदू जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर टन आणि रुपये हे दोन रकाने वेगळे हवेत. माल समुद्राकडून घाटाकडे येतो, पैसा उलटा जातो. दोन्ही एका आकड्यात मिसळले की उत्तराला अर्थ राहत नाही. वजनही ओल्या मासळीतच धरायचं. एक टन फिशमीलला साधारण चार ते पाच टन ओली मासळी लागते. हे रूपांतर राहून गेलं तर समुद्रावरचा भार चार-पाच पटींनी कमी दिसतो.

दोन्ही जाळ्यांचा सांधा मासा आणि व्यापारी यांच्यात थेट घालू नये, तो मासेमारीच्या जाळ्याच्या प्रकारावर घालावा. रापण, ट्रॉल, पर्ससीन, गिलनेट यांचा डिझेलचा खर्च वेगळा आणि सोबत येणारी फुटकळ मासळी वेगळी. आधी गट आणि जाळं यांचा तक्ता, मग जाळं आणि बाजार यांचा. दोन्हींचा गुणाकार केला की बेळगावच्या एका पाटीमागे समुद्रातलं काय काय उचललं गेलं ते दिसतं. अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिएफ यांचं आदान-प्रदानाचं (इनपुट-आउटपुट) गणित ब्रूस हॅनन यांनी १९७३ मध्ये परिसंस्थेला लावलं. त्याचाच हा वापर.

त्यातून निघालेली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे इसवण आणि तारली यांची तुलना. अन्नसाखळीत इसवणाची पायरी साधारण ४.५, तारलीची २.४. प्रत्येक पायरीला दहा टक्केच ऊर्जा वर पोचते असं धरलं, तर एक किलो इसवणामागे एक किलो तारलीच्या सुमारे सव्वाशे पट वनस्पतिप्लवक खर्ची पडतं. दरातला फरक याच्या जवळपासही नसतो. पावतीवर न दिसणारी ही किंमत कोणीतरी मांडायलाच हवी.

सॉफ्टवेअरमधला एक खड्डा आवर्जून सांगतो. मध्यस्थ बिंदूचं महत्त्व काढताना आयग्राफ आणि नेटवर्कएक्स ही जाळ्यांचं गणित करणारी सॉफ्टवेअर रेघेचं वजन हे अंतर समजतात. टन तसेच घातले तर सर्वांत जास्त माल नेणारी वाट सर्वांत लांबची ठरते आणि मोठा व्यापारी कोपऱ्यात पडतो. टनाचा व्यस्त आकडा (१ भागिले टन) घालावा.

वार्षिक सरासरीत पावसाळा बुडतो, म्हणून बाजाराचं जाळं महिनावार करावं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पण पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते. त्यामुळे बाहेरचा (पूर्वेकडचा) समुद्र, तळ्यातली मासळी आणि सुकी मासळी असे तीन बिंदू वेगळे ठेवावे लागतात. त्यातच श्रावण आला की मागणीच उतरते. मालाचा तुटवडा आणि मागणीची घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच महिन्यात दिसल्या म्हणून एकीचं कारण दुसरीला चिकटवू नये.

मासळी महागली की गिऱ्हाईक चिकनकडे वळतं, इथे समुद्रावरचा ताण हलका झाला असं वाटतं. पण कोंबडीच्या खाद्यात फिशमील असेल तर तीच तारली पोल्ट्रीच्या शेडमधून ताटात येते. ही रेघ काढली नाही तर मॉडेल उगाच दिलासा देतं. खाद्याच्या पोत्यावरचा घटकांचा मजकूर पाहून आणि पुरवठादाराला विचारून हा वाटा भरावा. सोयाबीन पेंडीवर चालणाऱ्या शेडना ही रेघ शून्यच ठेवावी.

शेवटी इकोसिममध्ये, म्हणजे इकोपाथच्याच जोडीच्या भागात, मॉडेल काळानुसार चालवून पाहायचं. त्यात भक्ष्य किती सहज सापडतं याचा आकडा मुळात २ असतो. तो तसाच सोडू नये, जुन्या उताऱ्यांशी जुळवून घ्यावा. ताण-चाचणीला केरळातल्या तारलीच्या पकडीतली घसरण वापरता येते: २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन, २०२१ मध्ये ३,२९७ टन. एवढी पडझड दिल्यावर मॉडेलमध्ये आधी फिशमीलचा बिंदू कोरडा पडतो की बेळगावचा किरकोळ विक्रेता, हे दराच्या रकान्यावर ठरतं. म्हणून घाटवाटांवरचे दर निदान महिन्यातून एकदा नोंदवलेले हवेत, आणि तेही बंदराच्या बोलीचा दर आणि बाजारातला दर वेगवेगळे.