दारात पूर आणि प्यायला थेंब नाही

ऑगस्ट 2019, कोल्हापूर. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. आम्ही शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर, खालच्या काकू संसार उचलून आमच्याकडे आलेल्या, लाईट नाही, आणि सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे, राधानगरी धरणाची किती दारं उघडली. प्यायच्या पाण्याचं कुणाच्या डोक्यातच नाही, कारण गच्चीवरची टाकी होती ना! ती दोन दिवसांत खडखडाट. शहराला पाणी देणारे शिंगणापूर, बालिंग्याचे पंपच पाण्याखाली, मग नळाला येणार कुठनं? खालची टाकी पुरात बुडालेली, म्हणजे त्यात गटारच. हायवे शिरोलीजवळ बंद, त्यामुळं बाटल्यापण संपल्या.

आणि बाहेर धो धो पाऊस चालू. काकूच म्हणाल्या, "अगं वरनं पडतंय ते काय इख हाय व्हय?"

मग लागलो कामाला. पहिली बादली जिन्यावरच्या पत्र्याच्या पागोळीखाली लावली आणि शहाणपणा करून लगेच भरली, तर वरती कबुतराची घाण तरंगतीय. पहिली दहा-पंधरा मिनिटं पत्रा नुसता धुऊ द्यायचा असतो, हे तेव्हा कळलं. ते पाणी भांडी आणि संडासाला ठेवलं, प्यायला गच्चीत ताडपत्री बांधली. चारी टोकं सारखी ताणून! तासाभरात मधे हे एवढं पोट आलं आणि एक दोरी तुटून सगळं पाणी नवऱ्याच्या अंगावर, त्याची आंघोळ फुकटात झाली. दुसऱ्यांदा एक कोपरा खाली सोडला, त्याखाली धुतलेलं पिंप, तोंडाला सुती साडीची चौपदरी घडी.

हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमची ताडपत्री दहा बाय बारा फुटांची, म्हणजे अकराएक चौरस मीटर, तर नुसत्या 10 मिलिमीटर पावसात शंभर लिटर सहज. इकडंतिकडं सांडलं तरी पाच माणसांना प्यायला-सैपाकाला रग्गड.

गाळलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही हं. गॅस होता तोवर खळाखळा उकळवलं, पण सिलिंडर हलका लागायला लागल्यावर फक्त प्यायचं उकळवायचं ठरलं, नंतर बोटीतनं पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या आल्या, त्यावर लिहिलंय तेवढे थेंब घालून अर्धा तास झाकून ठेवायचं. आणि झाकण हवंच, नाहीतर डासांची सोय आपणच करतो.

2021 च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं तेव्हा काकू लेकीकडं पुण्याला होत्या. सकाळी सकाळी त्यांचा फोन. खुशाली वगैरे काही नाही, "ताडपत्री बांधलीस का? कोपरा सोड बाई खाली."