पाचपैकी दोन

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा फोन आला, तेव्हा संपादक मंडळातल्या मॅडमनी विषयही सांगून टाकला: ‘मी शिक्षिका का झाले’. अशा लेखांत बहुधा एक आदर्श गुरुजी असतात, ते गरीब विद्यार्थ्याची फी भरतात आणि विद्यार्थी तिथल्या तिथे ठरवतो की आपणही असंच व्हायचं. माझी फी माझ्या बाबांनी भरली. तेव्हा मला दुसरी कारणं शोधणं भाग आहे.

पहिलं कारण फारसं उदात्त नाही. मला हुकूम सोडायला आवडायचं. मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मामाची, मावशीची सगळी पोरं गोळा व्हायची. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, मोठी माणसं जेवून कूलरसमोर आडवी झालेली, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मग मधल्या खोलीत दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहून शाळा भरायची. विदर्भातल्या शाळा तेव्हा 26 जूनला उघडायच्या. पुण्या-मुंबईची पोरं खऱ्या वर्गात जाऊन बसली तरी आमची खोटी शाळा चालूच असायची. त्या शाळेत हजेरी होती, अंगठे धरणं होतं, घंटा म्हणून ताटली बडवणं होतं. शिकवणं तेवढं नव्हतं.

दुसरं कारण बाबांचं. ते इतवारीत एका धान्याच्या दुकानी मुनीम होते. “बारावी झाली की दोन वर्षं डीएड, मंग नोकरी पक्की,” हे त्यांचं गणित, आणि त्या काळी विदर्भातल्या घराघरांतलं. पुढे डीएडची कॉलेजं इतकी निघाली की माझ्या मागून आलेल्या कितीतरी मुली पदविका कपाटात ठेवून शिलाई मशीनवर बसल्या. मी थोडी आधी होते, म्हणून निभावलं. शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याचं मानधन 3000 रुपये, आणि तसंच तीन वर्षं काढायची. (2023 मध्ये ते 16000 झालं. नव्या पोरींचा हेवा वाटतो, पण त्यांना नोकरी लागायलाच किती वर्षं जातात ते पाहिलं की हेवा जिरतो.)

ही दोन कारणं नोकरीत शिरायला पुरली. टिकायला पुरलं ते तिसरं कारण, आणि ते मला आपल्या शाळेच्या ‘ड’ तुकडीत सापडलं.

तुकड्या मार्कांवर पडायच्या, हे त्या काळच्या सगळ्यांना आठवत असेल. ‘ड’ म्हणजे मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली. सातवीत आम्हाला गणिताला जे सर आले, त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. एकदा त्यांनी फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन मांडलं आणि मागच्या बाकावरच्या एका पोराला उठवलं. त्याच्या वडिलांचा पानठेला होता. त्याने बेधडक लिहिलं, दोन छेद पाच. वर्ग हसला. पोरगं डस्टर उचलायला गेलं, तर सर म्हणाले, “थांब, पुसू नको. हे कसं आलं ते सांग.”

“सर, पहिल्या चाचणीत दोनपैकी एक मार्क भेटला. दुसरीत तीनपैकी एक भेटला. मंग पाचपैकी दोनच झाले न!”

सर फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मार्कांत तर हेच बरोबर आहे बे.”

वर्गाचं हसणं बंद. सरांनी फळ्यावर एक गोल काढला. “आता ही पोळी. अर्धी खाल्ली. मंग याच पोळीचा तिसरा हिस्सा अजून खाल्ला. तुह्या हिशोबानं पाचातले दोन हिस्से खाल्ले. हे अर्धीपेक्षा जास्त का कमी?”

“कमी.”

“खाऊन खाऊन कमी कशी झाली?”

पोरगं गोलाकडे बघत उभं राहिलं. मग म्हणालं, “मार्काचे पेपर दोन होते, सर. पोळी एकच आहे.”

माझ्या वहीत पाच छेद सहा हे बरोबर उत्तर आधीच लिहिलेलं होतं. लसावि काढायचा, छेद सारखे करायचे, मिळवायचं. आपण असं का करतो, हे मात्र मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ज्याचं उत्तर चुकलं होतं त्याला स्वतःच्या उत्तराचं कारण ठाऊक होतं. चूक म्हणजे डोक्यात काही नसणं नव्हे, तिथे काहीतरी चाललेलं असतं, आणि ते ऐकून घ्यायला कोणीतरी पगार देतं, हे कळल्यावर मला दुसरी कुठली नोकरी नको होती.

डीएडला हे कोणी शिकवलं नाही. तिथे हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठ घ्यायच्या पाच ठरलेल्या पायऱ्या, होती, प्रस्तावना झाली की हेतुकथन, आणि पाठ टाचणाचे रकाने आखण्यात रात्र जायची. त्यात ‘मूल कोणतं चुकीचं उत्तर देईल’ असा रकाना नव्हता. माझं अजूनही मत आहे की तोच पहिला हवा.

काटोल तालुक्यातल्या शाळेत लागले तेव्हापासून मी एक वही ठेवते. डाव्या पानावर मुलाचं उत्तर जसंच्या तसं, उजव्या पानावर त्याने सांगितलेलं कारण. बावन्नातून सतरा गेले, उरले पंचेचाळीस. का? तर “दोनातून सात जात नाहीत, म्हून सातातून दोन काढले.” लहानातून मोठं जात नाही हे आम्हीच पहिलीत घोकून घेतो, आणि हातचा शिकवायची वेळ आली की तेच विसरायला सांगतो. दुसरीतली एक मुलगी त्रेपन्न ऐकलं की 35 लिहायची. तीन आधी ऐकू येतात म्हणून तीन आधी लिहायचे, यात तिचं काय चुकलं? 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशा धाटणीचं वाचन आणलं तेव्हा केवढा गहजब झाला! विधानसभेत त्याची टिंगल झाली, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना खुलासे करावे लागले. मला स्वतःला जुनं वाचनच गोड वाटतं, पण त्या मुलीची पाटी पाहिलेल्या माणसाने तरी त्यावर हसू नये.

बाकी नोकरी म्हणजे खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या. संत्र्याचा तोडा आला की अर्धा वर्ग बागेत. त्यात 2025 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे अशा आम्हा सगळ्यांपुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, येऊन उभी राहिली. दीडशे गुणांचा पेपर, त्यात तीस गुणांचं बालमानसशास्त्र. इतकी वर्षं शिकवल्यावर मी पुन्हा गोल रंगवायचा सराव करते आहे आणि चार पर्यायांपैकी एक निवडते आहे. कसं निवडलं, हे तिथे कोणी विचारत नाही.

सर मध्यंतरी केळीबाग रोडवर भेटले होते. मी तो पोळीचा तास सांगितला, त्यांना आठवत नव्हता. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग पुढे त्या पोट्ट्याले अपूर्णांक जमले का?” मला सांगता आलं नाही. तो हे वाचत असेल तर त्याने कळवावं, मी सरांना निरोप देईन.

अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवायला माझ्या त्या वह्या पाठवते आहे, मुलांची नावं खोडून. शिवण सुटली आहे, तेव्हा टेबल पंख्याखाली लावू नका.