माझगावच्या नीलगिरी

आज दुपारभर मामांकडे होतो. ते माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यातून वेल्डर म्हणून निवृत्त झाले. बोलता बोलता नीलगिरी वर्गाच्या फ्रिगेटांचा, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांचा, विषय निघाला. आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटचा, बांधणी मात्र आपल्या मुंबईत! पहिली नीलगिरी १९७२ला नौदलात आली; मग हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. मामा तारागिरीच्या बांधणीवर होते. शेवटच्या दोघींवर सी किंगसारखं मोठं हेलिकॉप्टर मावावं म्हणून मूळ आराखड्यात केवढे बदल केले, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. मला यातच खरी कमाई दिसते. परक्या आराखड्यावर हात बसला, मग तोच बदलायची हिंमत आली. १९८३ची गोदावरी ही फ्रिगेट तर आपल्याच नौदलाने आखली. मामांनी हे सगळं लिहून काढावं म्हणून मी त्यांच्या मागे लागलोय.