तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या वर्षीचा आकडा कुठे गेला?

"मागच्या वर्षी तुम्ही एक आकडा छापलात. यंदाच्या अहवालात त्याच वर्षापुढे वेगळा आकडा आहे. मग खरा कुठला?"

भागधारकांनी हे विचारलं आहे, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांनी विचारलं आहे, पर्यावरणाचं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी तर आवाज चढवून विचारलं आहे. दूरसंचार कंपनीच्या वीज-डिझेलचा आणि त्यातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब ठेवणं हे माझं काम. आजवर मी एका वाक्यात उत्तर देत आले: मोजण्याची पद्धत सुधारली, म्हणून जुना आकडाही नव्याने काढला. हे उत्तर अपुरं आहे, हे मला देतानाच कळायचं.

आधी माझी बाजू ऐका. आकडा बदलला म्हणजे काहीतरी लपवलं, असं धरून तुम्ही बोलायला सुरुवात करता, त्याचा मला राग येतो. उत्सर्जनाचा हिशेब कसा ठेवायचा हे सांगणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलच्या नियमांतच आहे की कंपनीची रचना बदलली, पद्धत बदलली किंवा मोठी चूक सापडली, तर आधारवर्षाचा, म्हणजे ज्याच्याशी पुढच्या वर्षांची तुलना होते त्या वर्षाचा, हिशेब पुन्हा करायचा. समजा आम्ही आमचे टॉवर दुसऱ्या कंपनीला विकले आणि त्यांच्यावरच भाड्याने राहिलो. जनरेटर तोच, धूर तोच. पण काल आमच्या स्कोप १ मध्ये, म्हणजे आमच्या थेट उत्सर्जनात, असलेला तो धूर आज स्कोप ३ मध्ये, म्हणजे इतरांकडून आमच्यासाठी होणाऱ्या उत्सर्जनात, जाऊ शकतो. जुना आकडा तसाच ठेवला, तर डिझेलचा एक थेंबही न वाचवता आमचं थेट उत्सर्जन उतरलेलं दिसेल. तसा अहवाल निघाला असता, तर मला कोणी जाब विचारला नसता.

आणि खरा आकडा एकच असतो, हेही मनातून काढा. त्याच प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार खरेदी केलेल्या विजेचे दोन आकडे द्यावे लागतात. एक, ज्या ग्रिडमधून वीज येते त्याच्या सरासरीवरून. दुसरा, आपण केलेल्या करारांवरून आणि घेतलेल्या प्रमाणपत्रांवरून. पवनऊर्जेची प्रमाणपत्रं घेतली की दुसरा आकडा भराभर खाली येतो आणि पहिला जागचा हलत नाही. टॉवरवर पोचणारी वीज दोन्हीकडे एकच. आमच्या अहवालात दोन्ही असतात. मथळ्यात मोठ्या अक्षरांत कुठला असतो, ते तुम्ही पाहिलंच आहे. मी हरकत घेतली होती. अडून मात्र बसले नाही.

डिझेलचं थोडक्यात सांगते. एक लिटर जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, यात वाद नाही. वाद लिटरमध्ये आहे. विकत घेतलेलं, टाकीत ओतलेलं आणि प्रत्यक्ष जळलेलं डिझेल, या तीन नोंदी तीन हातांनी होतात आणि क्वचितच जुळतात. जनरेटर किती तास चालला यावरून अंदाज बांधावा, तर कमी भारावर चालणारं इंजिन दर युनिटमागे जास्त डिझेल पितं, आणि टॉवरवरचा जनरेटर बहुतेक वेळ कमी भारावरच असतो.

पण हे सगळं मी आजवर पुढे केलं ते एक गोष्ट मागे ठेवण्यासाठी. ती आता सांगते.

आमच्या एका मोठ्या स्विचिंग केंद्रात, म्हणजे कॉल आणि डेटा पुढे जोडून देणारी उपकरणं असतात त्या इमारतीत, आम्ही दोन कामं एकदम केली. जुनी उपकरणं काढली, आणि बाहेर गारवा असेल तेव्हा एसी बंद ठेवून बाहेरचीच हवा आत घेणारी यंत्रणा बसवली. आधी त्या केंद्राचा सरासरी भार १०० किलोवॉट होता. कामानंतरच्या तिमाहीत तो ४० दिसायला लागला. मला खूप आनंद झाला. बचत होईल हे धरलेलंच होतं, ती अपेक्षेपेक्षा जास्त झाली इतकंच वाटलं. मी तक्ता केला, वरिष्ठांपुढे मांडला, तो अहवालात गेला.

त्याच सुमारास तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, आत येते त्याच्यापेक्षा बाहेर जास्त जातेय."

मला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. आमची उपकरणं ४८ व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकदिश विजेवर, चालतात. बॅटऱ्या चार्जवर असल्यामुळे प्रत्यक्षात ५४ च्या आसपास असतात. बाहेरून येणाऱ्या विजेची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या पडद्यावर त्याला १००० अँपिअर दिसत होते. ५४ गुणिले १०००, म्हणजे ५४ किलोवॉट नुसते उपकरणांना जात होते. आणि माझ्या तक्त्यात एसी, दिवे, सगळं धरून अख्ख्या केंद्राला ४० मिळत होते.

मी त्याला म्हणाले, "रेक्टिफायरचा डिस्प्ले काही प्रमाणित मीटर नाही. मीटरचं वाचन माझ्याकडे रोज येतं." तो म्हणाला, "बरं, मॅडम." पुन्हा फोन आला नाही.

चूक सापडली ती पुढच्या वर्षी, वीजबिलांशी ताळा घेताना. मोठ्या जोडणीवर सगळा प्रवाह मीटरमधून नेत नाहीत. तारेभोवती सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) बसवतात. ती प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून मीटरला देते. २०० ला ५ ची सीटी असेल तर वाचन ४० ने गुणायचं, ४०० ला ५ ची असेल तर ८० ने. काम चालू असताना मीटरपेटीतल्या सीटी बदलल्या होत्या. दूरवरून वाचन घेणाऱ्या प्रणालीत गुणक ४० च राहिला. केंद्राचा खरा भार ८० किलोवॉट होता. वर्षाला साडेतीन लाख युनिट आमच्या हिशेबातून गळाले होते, आणि त्याच युनिटांचे पैसे आमचाच लेखा विभाग दर महिन्याला बिनचूक भरत होता. बिलं उशिरा येतात, त्यांचे महिने आमच्या महिन्यांशी जुळत नाहीत, म्हणून मी मीटरच्या थेट वाचनावर विसंबले होते. तशाच सीटी आणखी काही केंद्रांत बदलल्या होत्या. सगळं मिळून चूक एवढी झाली की मागच्या वर्षीचा आकडा बदलावाच लागला. तुम्ही विचारता तो हाच आकडा.

अहवालात त्याची एका ओळीची तळटीप आहे: "मापनातील सुधारणेमुळे फेरगणना." ती मी लिहिली.

त्या वेळची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, हजारो ठिकाणांची वाचनं येतात, एकेका फोनवर तक्ता बदलायचा म्हटलं तर अहवाल निघणारच नाही. मला हे खोडता येत नाही. पण तो फोन तक्रारीचा नव्हता, गुणाकाराचा होता, आणि तो मला दोन मिनिटांत कागदावर करता आला असता. १०० चे १६० झाले असते, तर मी तेव्हाच शंका घेतली असती का, हेही स्वतःला विचारते. वाढलेला आकडा मी नेहमी दोनदा तपासत असे. उतरलेला तपासत नसे.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. १०० वरून ८० ही बचत खरी होती. पाचवा हिस्सा वीज त्या लोकांनी खरोखर वाचवली होती. पण दुरुस्तीनंतर त्या केंद्राचं नाव निघालं की चुकीचीच आठवण निघते. बाहेरची हवा घेणारी यंत्रणा पुढच्या केंद्रांत बसवायचा प्रस्ताव मागे पडला. मी तो पुन्हा दोनदा मांडला आहे.

दर गिगाबाइटमागे वीज किती लागते, तोच आकडा द्या, तो दरवर्षी छान उतरतो, असं मला सुचवतात. तो उतरतो कारण डेटा वाढतो. रेडिओ उपकरणं रात्री कोणी फोन वापरत नसतानाही वीज घेतच राहतात. ४जीचा अँटेना तर रिकामा असतानाही दर मिलिसेकंदाला संदर्भ-संकेत पाठवत असतो. एकूण युनिट वाढूनही तो भागाकार सुंदर दिसू शकतो. त्याच्या मागे मी लपणार नाही.

आता जिथे डीसीचं वाचन मिळतं, तिथे मी आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज शेजारी शेजारी ठेवते. पण भाड्याच्या पुष्कळ टॉवरवर आमचा मीटरच नाही. तिथे अजून अंदाजच आहे. आणि यंदाही एका केंद्राचा वापर तिसऱ्या हिश्श्याने उतरलेला दिसतोय. तिथली मीटरपेटी कोणीतरी उघडून सीटीवरचं प्रमाण वाचून सांगावं, म्हणून मी निरोप ठेवला आहे. अहवाल छपाईला जायच्या आत उत्तर आलं, तर बरं.