तुमचा गहू पिवळा पडलाय
डिसेंबरातली सकाळ, साडेसहाला फोन. "मॅडम, तुमचा गहू पिवळा पडलाय. येऊन बघा."

तात्यांचा गहू एका रात्रीत माझा झाला होता. म्हणजे प्रकरण गंभीर.

मी तेव्हा निफाड तालुक्यात कृषी सहायक. तात्यांच्या वीस गुंठ्यांत रोटाव्हेटर न फिरवता, सोयाबीनच्या धसकटांतच 'फुले समाधान' जातीचा गहू पेरायला लावला तो मीच. वर सोयाबीनचं भुसकट पसरायलाही मीच सांगितलेलं. बांधापलीकडे त्यांचाच नेहमीसारखा मशागत केलेला गहू होता, तुलनेसाठी. ती तुलना आता बांधावर जमलेली चार माणसं करत होती. पलीकडे काळपट हिरवागार गहू, अलीकडे हळदीचं पाणी शिंपडल्यासारखा.

"बिननांगराची शेती कागदावरच पिकते, मॅडम," शेजारचे भाऊ म्हणाले. मी गप्प. थंडी मरणाची होती आणि उत्तर नव्हतं.

खुरप्यानं एक रोप मातीसकट उचललं. खोडाच्या बुडाशी येणारी मुकुटमुळं पांढरीशुभ्र, नुकती फुटलेली. खालची पानं टोकाकडून पिवळी, मधलं कोवळं पान मात्र हिरवं. लोह कमी असतं तर आधी कोवळं पान पिवळं पडलं असतं. ही नत्राची भूक होती.

"युरिया?"

"दिला की! एकविसाव्या दिवशी, दोन्हीकडं सारखाच. आज चार दिवस झाले."

"आणि पाणी?"

तात्या डीपीकडे, विजेच्या रोहित्राकडे, बघायला लागले. पलीकडचं भरून झालं आणि त्याच रात्री डीपी जळाली, इकडचं पाणी राहिलंच.

गुडघे टेकून भुसकट उचकटलं. काड्यांना दवानं अर्धे विरघळलेले पांढरे मणी चिकटलेले, आणि नाकाला सकाळच्या गोठ्यात शिरावं तसा उग्र वास. युरियाचा अमोनिया होऊन हवेत चालला होता. मातीपेक्षा काडीकचऱ्यावर हे लवकर होतं, आणि पाणी मिळालं नाही की युरिया खाली उतरतच नाही. त्यात मशागत केलेल्या रानात माती हलते, हवा खेळते, सेंद्रिय नत्र मोकळं होतं. इथं ते थंड मातीत दबून, आणि पेरणीला दिलेल्या नत्रातलंही थोडं काडी कुजवणाऱ्या जिवाणूंनी आधीच उचललेलं.

गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, निम्मं पेरणीला, निम्मं 21व्या दिवशी, हे मला झोपेतही सांगता येतं. तात्यांना मी तेच सांगितलं होतं. पाण्याची पाळी पक्की असल्याशिवाय गोणी फोडू नका, हे सांगितलं नव्हतं. चूक माझी, तसं बांधावर सगळ्यांसमोर कबूलही केलं.

मग टोमणा मारणाऱ्या भाऊंनीच दुसऱ्या डीपीवरच्या आपल्या मोटारीचा पाइप इकडे वळवला. पाव गोणी युरिया आणखी आणला, भुसकट हातानं सारून ओळीच्या कडेनं टाकला आणि मागोमाग हलकं पाणी. आठवड्यानं पंधरा लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम युरिया घेऊन एक फवारणी. संक्रांतीपर्यंत लांबून फरक ओळखू येईना. फुटवे मात्र थोडे कमीच राहिले, ते गेले ते गेलेच.

फेब्रुवारीत ऊन तापलं तेव्हा पलीकडं भेगा पडल्या, भुसकटाखाली बोट सहज शिरत होतं. तिथलं एक पाणी वाचलं.

मळणीला पलीकडचं रान एका पोत्यानं पुढं निघालं. तात्यांनी खळ्यावरच रोटाव्हेटरचं वाचलेलं भाडं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"औंदा आख्खा एकर करतो," म्हणाले. "पण युरियाचा दिवस तुम्ही नाही, मी ठरवणार."