आमची वाटचाल : आधी भिंत, मग कपाट

चिपळूणजवळच्या आमच्या कारखान्याची सुरुवात वडिलांनी दारं-खिडक्यांच्या कामापासून केली. चौकटी, देव्हारे, कुणाच्या लग्नाचा पलंग. मागणी येईल ते काम. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गणपती-शिमग्यालाच दिसणारा चाकरमानी जोडून सुट्टी आली तरी गावी येऊ लागला. माजघरालगतच्या खोलीची बेडरूम झाली. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल अशा अख्ख्या खोलीच्या ऑर्डरी यायला लागल्या आणि धंदा वाढला तो तिथून.

त्याच काळात घरंही बदलत होती. शेणाने सारवायच्या जमिनीवर टाइल्स बसल्या, चुन्या-मातीच्या गिलाव्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढला, अंगणात पार जोत्याला चिकटून कोबा झाला. या घरांच्या भिंतींचा जांभा सच्छिद्र दगड आहे. तो ओल शोषतो आणि वारा मिळाला की सोडून देतो. जमिनीतल्या ओलीला बाहेर पडायच्या वाटा अशा बंद केल्या की ती भिंतीतून वर चढते, बहुतेक घरांत तीन-साडेतीन फुटांपर्यंत. तिथे एक पिवळट आडवी रेघ उमटते. रेघेखाली पांढरे क्षार आणि सुटलेले पोपडे. नेमकं तिथेच लोक कपाट लावतात, कारण खराब भिंत त्यामागे झाकली जाते.

गुहागरकडच्या एका घरी वडिलांबरोबर माप घ्यायला गेलो होतो. घरातल्या काकूंनी जुनं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातली पैठणी काढून दाखवली. घडीच्या कडेला राखाडी बुरशीचे ठिपके, आणि तो बंद घराचा कुबट वास. कपाट पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा सरसाने दाबून केलेल्या फळीचं होतं. तळाची कड चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली होती. "आता सागाचंच करून द्या, कितीही होऊ दे," काकू म्हणाल्या. वडिलांनी माप घेतलंच नाही. कपाट पुढे ओढलं, मागच्या भिंतीला तळवा लावला आणि म्हणाले, "वहिनी, सागाचं दिलं तर कपाट टिकेल, साड्या नाही टिकायच्या. आधी पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या."

त्यांनी ऐकलं. पागोळ्यांना पन्हळ लावली, भिंतीकडचा फूटभर कोबा फोडून तिथे खडीचा चर काढला, आतला सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला आणि एक उन्हाळा भिंत उघडी ठेवली. ऑर्डर आम्हाला पुढच्या वर्षी मिळाली. तेव्हापासून जुन्या घराचं काम असेल तर भिंत बघितल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही.

भिंत बघायची आमची पद्धत साधी आहे, घरीही करता येते. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या मागे थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूने जमले तर ती हवेतली. तिथे खिडकी आणि वाऱ्याचा विचार करायचा. ओल वरून उतरत असेल तर पहिल्यांदा कौलं बघा. पूर्वी दरवर्षी शाकारणी व्हायची, तेव्हा फुटकं कौल आपोआप सापडायचं.

ओल्या भिंतीवर पॅनेलिंग करून द्या, असा आग्रह खूप होतो. ते काम आम्ही घेत नाही. आत ओल तशीच राहते, दिसायची बंद होते आणि वाळवीला आयती आडोशाची जागा मिळते. या नकारापायी मोठी कामं हातची गेली आहेत, तरी तो आम्ही बदललेला नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमच्या कारखान्यातही आलं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून सामान रस्त्यावर आलं तेव्हा कुठलं फर्निचर कशाचं बनलंय, हे वेगळं विचारावं लागत नव्हतं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचा लगदा झाला होता. साध्या कमर्शियल प्लायचे पापुद्रे सुटले होते, कारण त्याच्या सरसाला पाणी चालत नाही. आयएस 710 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा मरीन प्लाय बहुतेक ठिकाणी टिकला; त्या मानकात तुकडा 72 तास उकळून सरस तपासतात. आणि भरीव लाकडाचे, कुसू, म्हणजे लाकडाचं कोरलेलं टोक, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवून खुंटी मारलेले पलंग चिखल धुतला की पुन्हा उभे राहत होते. आम्ही पुढचे कित्येक महिने दुरुस्तीच करत होतो. खण आणि पाठ काढायची, स्वच्छ पाण्याने धुवायचं, सावलीत वाऱ्याला ठेवायचं. घाईने उन्हात टाकलेलं लाकूड तडकलं.

त्यानंतर आमच्या मालाची घडणच बदलली. अंगाला साग, आणि खर्च आवरायचा असेल तर फणसाचं किंवा शिवणीचं लाकूड. पण प्रत्येकाचा गाभाच, सालीकडचा पांढरट भाग नाही, कारण कीड तिथेच शिरते. पाडलेल्या घरांच्या तुळया आणि खांब मिळाले तर सोन्याहून पिवळं. खिळे काढता काढता सुताराचा जीव जातो, पण इतक्या वर्षांत ते लाकूड जे काय वाकायचं ते वाकून बसलेलं असतं. नवीन लाकूड थप्पीत, मध्ये पट्ट्या घालून वाळवतो आणि मीटरवर ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास आल्यावरच कापतो. तेच लाकूड जुलैत कोकणच्या हवेत अठरापर्यंत जातं. फूटभर रुंदीची फळी त्यात दोन-तीन मिलिमीटर फुगते. म्हणून दाराची फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी ठेवतो, आणि एप्रिलमध्ये खण थोडे सैल बसवतो. "खण हलतोय," अशी तक्रार मे महिन्यात येते. जुलैत तोच खण नीट सरकतो.

बंद राहणाऱ्या घरांसाठी बॉक्सचा पलंग आम्ही सुचवत नाही. तळाशी हवा कोंडते आणि गादीला खालून बुरशी येते. उंच पायांचा, दोन-दोन बोटांच्या फटी ठेवून पट्ट्या मारलेला पलंग घ्या, आणि मुंबईला परतताना गादी भिंतीला टेकवून उभी करून जा. कपाटाला सहा इंचांचे पाय, भिंतीपासून चार बोटं अंतर, वर आणि खाली जाळी. नैर्ऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो तिला कपाट लावू नका, आतली भिंत निवडा. आम्ही पायांचे तळ सीलरने बंद करतो, कारण लाकूड टोकाकडून सर्वात जास्त पाणी ओढतं, आणि प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा तुकडा देतो. कपाटाच्या पाठीलाही बाहेरून पॉलिश लागतं. ती बाजू दिसत नाही म्हणून बरेच जण कोरी सोडतात, आणि मग पाठ एका अंगाने फुगून बाक धरते.

आता कारखाना माझी बहीण आणि मी बघतो. भिंत तपासायला तीच जाते. वडील सकाळी येतात आणि थप्पीतल्या फळ्या हाताने उलटून बघतात. मीटरचा आकडा त्यांना नंतर सांगायचा असतो.

जून ते सप्टेंबर आम्ही पॉलिश करत नाही, दमट हवेत ते पांढरं पडतं. त्या महिन्यांत कापणी आणि सांधे चालतात. गणपतीला खोली तयार हवी असेल तर जानेवारीत कळवा, म्हणजे भिंतीला उन्हाळा मिळेल आणि माल मेअखेर घरात येईल. येताना खोलीचे फोटो आणा, पण कपाट ओढून त्याच्या मागच्या भिंतीचा एक जरूर आणा.